इंटरप्ट हँडलर न चालणे

टायमर, यूआर्ट किंवा पिन यांसारख्या स्रोताकडे घटना घडूनही तिच्यासाठी लिहिलेले हँडलर न चालणे, हा एम्बेडेड प्रणालींतील नेहमीचा दोष. येथे आर्मच्या कॉर्टेक्स-एम३ व एम४ या गाभ्यांवर चालणाऱ्या फ्रीआरटीओएस कर्नलमधील दोषशोधन दिले आहे.

निदान : डीबगरने प्रोग्रॅम थांबवून एनव्हीआयसी या इंटरप्ट-नियंत्रकातील संबंधित पेंडिंग बिट पाहतात. घटनेनंतरही तो ० असेल आणि हँडलरमध्ये शिरकाव झालेला नसेल, तर दोष स्रोताकडे असतो. बिट १ वर अडून राहिला असेल, तर दोष पुढच्या टप्प्यात असतो. आयएसपीआर रजिस्टरात तोच बिट हाताने लिहिल्यावर हँडलर चालले, तर एनव्हीआयसीपासून पुढची वाट मोकळी आहे हे सिद्ध होते.

स्रोताकडील कारणे : स्रोताचा स्वतःचा इंटरप्ट-एनेबल बिट किंवा त्याचे क्लॉक चालू करायचे राहून जाते. एसटीएम३२एफ४ मालिकेत सिसकॉन्फिगचे क्लॉक बंद असल्यास बाह्य इंटरप्टची पोर्ट-निवड नोंदली जात नाही. मग पीबी० पिनवर कितीही पल्स दिले तरी ती लाइन रीसेटनंतरच्या मूळ स्थितीत, म्हणजे पीए० लाच जोडलेली राहते.

पुढील कारणे : एनव्हीआयसीतील एनेबल बिट ०, प्रायमास्कने सर्व इंटरप्ट बंद, किंवा समान अथवा वरच्या प्रायॉरिटीचे हँडलर अडकून पडलेले. हँडलरचे नाव व्हेक्टर टेबलातल्या नावाशी न जुळल्यास डीफॉल्ट हँडलर चालते आणि ते बहुधा अनंत लूपमध्ये फिरते. अशा वेळी आयपीएसआर रजिस्टरातील क्रमांकातून १६ वजा केले की इंटरप्ट ओळखता येतो. बूटलोडरनंतर व्हेक्टर टेबलाचा पत्ता ठेवणारे व्हीटीओआर रजिस्टर न बदलल्यास जुनेच टेबल वापरले जाते.

कर्नलचा भाग : फ्रीआरटीओएस क्रिटिकल सेक्शनसाठी बेसप्राय हे ठरावीक प्रायॉरिटीपर्यंतचे इंटरप्ट अडवणारे रजिस्टर वापरते. शेड्युलर सुरू होण्याआधी क्यू तयार करण्यासारखे कर्नल-फंक्शन बोलावले, तर बेसप्राय चढलेलाच राहतो आणि ठरलेल्या मर्यादेतले इंटरप्ट शेड्युलर सुरू होईपर्यंत थोपवले जातात. ही योजना हेतुपुरस्सर आहे. येथे लहान अंक म्हणजे वरची प्रायॉरिटी. ० प्रायॉरिटीच्या इंटरप्टला बेसप्राय अडवत नाही. म्हणून प्रायॉरिटी ० केल्यावर हँडलर चालू लागते, पण त्यातून कर्नलचे कोणतेही फंक्शन बोलावणे निषिद्ध ठरते.