घरधनीणीच्या स्वयंपाकघरात

१८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजलं, दुष्काळ पडला. मोठी झळ बसली ती आयरिश बोलणाऱ्या पश्चिम भागाला. माणसं मेली, परदेशी गेली. त्यांच्यासोबत भाषाही ओसरली. १९०४ साली कॉर्क परगण्यातल्या बॅलिंगिअरी गावात पहिलं आयरिश उन्हाळी कॉलेज निघालं, तेही शिक्षकांसाठी. आज अशा शिबिरांना शाळकरी मुलं जातात. साधारण तीन आठवडे आयरिशभाषक कुटुंबात राहायचं. सतत इंग्रजी बोललात, तर अनेक ठिकाणी थेट घरी रवानगी! शाळेत सक्तीने शिकलेली भाषा घरधनीणीकडे जेवण मागताना कामाची ठरते. म्हणून इंदूर-बडोद्याच्या आपल्या माणसांना मी एवढंच विचारतो: तुमची मुलं भूक लागल्याचं कोणत्या भाषेत सांगतात?