दिवाडी (गोवा)

दिवाडी हे गोवा राज्यातील तिसवाडी तालुक्यात मांडवी नदीच्या पात्रात वसलेले बेट आहे. बेटाच्या दक्षिणेस नदीपलीकडे जुने गोवे, पश्चिमेस चोडण बेट आणि उत्तरेस डिचोली तालुक्यातील नार्वे हे गाव आहे. बेटावर गोलती, नावेली, मळार आणि जुने नार्वे ही चार परंपरागत गावे असून टेकडीभोवतीचा पियेदाद हा भाग सर्वाधिक परिचित आहे. कदंब राजांचे कुलदैवत श्री सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान, खाजन शेती आणि ऑगस्टमधील बोंदेरा हा ध्वजोत्सव यांमुळे दिवाडी ओळखले जाते.

भौगोलिक रचना

बेटाच्या मध्यभागी जांभ्या दगडाची टेकडी आहे. वस्ती टेकडीच्या उतारावर व पायथ्याशी असून तिच्या भोवती नदीकाठापर्यंत सखल भातशेते पसरली आहेत. काठावर खारफुटीची झाडी आहे. बेट रस्त्याच्या पुलाने मुख्य भूमीशी जोडलेले नाही. जुने गोवे, रायबंदर परिसर आणि नार्वे येथून नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटी चालतात. कोकण रेल्वेचा मार्ग मांडवी ओलांडताना बेटावरून जातो. परंतु बेटावर स्थानक नाही. सर्वांत जवळचे स्थानक करमळी हे आहे.

इतिहास

कदंब काळ

गोव्याच्या कदंब राजांच्या काळात दिवाडी हे महत्त्वाचे तीर्थक्षेत्र होते. जुने नार्वे येथील सप्तकोटेश्वर हे त्यांचे राजदैवत. कदंबांच्या शिलालेखांत व सुवर्णनाण्यांवर राजे स्वतःस सप्तकोटेश्वराचा वरप्रसाद लाभलेले असे म्हणवून घेतात. सप्तर्षींनी येथे तप केले व त्यांच्यासाठी शिव प्रकट झाले, अशी या देवाची आख्यायिका आहे. चौदाव्या शतकात बहमनी आक्रमणात देवालयाचा विध्वंस झाला. त्याच शतकाच्या अखेरीस विजयनगरचा अधिकारी माधवमंत्री याने देवाची पुनःस्थापना केली. जुन्या देवस्थानाजवळील कोटितीर्थ ही पायऱ्यांची दगडी पुष्करणी आजही बेटावर पाहावयास मिळते.

पोर्तुगीज राजवट

१५१० मध्ये अफोंसो द अल्बुकर्क याने गोवा जिंकल्यानंतर दिवाडी पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली व देवस्थानांच्या जमिनी ख्रिस्ती संस्थांकडे वर्ग झाल्या. त्यानंतरच्या दोन दशकांत बेटावरील बहुसंख्य लोकांचे धर्मांतर झाले. या काळात अनेक देवतांच्या मूर्ती नदीपार नेण्यात आल्या. सप्तकोटेश्वराचे लिंग नारायण शेणवी सूर्यराव यांनी पोर्तुगीज सत्तेबाहेरील डिचोली महालात नेले. तेथे ज्या गावी त्याची स्थापना झाली, त्यालाही मूळ स्थानावरून नार्वे हेच नाव मिळाले. त्यामुळे मांडवीच्या दोन्ही तीरांवर आज नार्वे आहे: बेटावरचे जुने व पलीकडचे नवे. गोलती-नावेली येथील गणपतीही असाच ठिकाणे बदलत अखेर फोंडा तालुक्यातील खांडोळा येथे स्थिरावला. तेथे तो महागणपती म्हणून पूजला जातो.

छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये नव्या नार्वे येथील सप्तकोटेश्वर मंदिराच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली. त्याची नोंद करणारा शके १५९० चा शिलालेख मंदिराच्या दारावर आहे. गोवा शासनाने या मंदिराचे अलीकडे जतनकार्य केले असून २०२३ मध्ये ते पूर्ण झाले.

पियेदाद टेकडीवर जुन्या देवळाच्या जागी करुणामाता मारियेचे चर्च उभे राहिले. सध्याची वास्तू अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. चर्चलगतच्या दफनभूमीतील छोट्या चॅपेलात कदंबकालीन देवळाचे कोरीव अवशेष टिकून आहेत. श्रीलंकेत धर्मप्रसार करणारे आणि सिंहली व तमिळ भाषांत विपुल लेखन करणारे ओरेटोरियन धर्मगुरू जाकोमे गोंसाल्विस (१६७६–१७४२) हे मूळचे दिवाडीचे.

सतराव्या व अठराव्या शतकांत साथीच्या रोगांनी समोरचे राजधानीचे शहर ओस पडत गेले व राजधानी पणजीस हलली. नगराच्या उतरत्या काळाबरोबर दिवाडीचेही व्यापारी महत्त्व घटले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर बेट भारतीय संघराज्यात आले.

गावकरी आणि खाजन शेती

दिवाडीतील गावांचा कारभार परंपरेने गावकरी या संस्थेकडे होता. गावाची जमीन सामाईक असे; मूळ वसाहतकार घराण्यांचे वंशज गावकर म्हणून तिचा कारभार पाहत, शेते पावणीने कसण्यास देत आणि खर्च वजा जाता उरलेले उत्पन्न वाटून घेत. पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशिया याने १५२६ च्या सनदेत तिसवाडीच्या गावांतील हे रिवाज लेखनिविष्ट केले. पुढे ही संस्था कोमुनिदाद या नावाने चालू राहिली. धर्म बदलला तरी जमिनीची ही व्यवस्था कायम राहिल्याने धर्मांतरित कुटुंबांचे गावकर म्हणून असलेले हक्क टिकले.

या व्यवस्थेचे मुख्य काम बांध राखणे हे होते. खाजन म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून मातीचे बांध घालून मिळवलेली शेतजमीन. बांधाला ‘मानस’ नावाचा दरवाजा असतो. ओहोटीला तो आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतो व भरतीला बाहेरच्या पाण्याने मिटतो. त्यामुळे पावसाचे पाणी बाहेर जाते, पण नदीचे खारे पाणी शेतात शिरत नाही. पावसाळ्यात येथे कोरगूट या खारटपणा सोसणाऱ्या जातीचे भात घेतात. मानशीतील मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जातो. बांध एका जागी फुटला तरी त्यामागील सर्व शेतांत खारे पाणी पसरते आणि मीठ पावसाने धुऊन जाईपर्यंत जमीन पडीक राहते. म्हणून बांधाची राखण हे कोणा एका शेतकऱ्याचे काम कधीच नव्हते.

१९६४ चा कृषी कुळ कायदा व त्यात १९७६ मध्ये झालेली दुरुस्ती यांनी कसणाऱ्या कुळांना जमिनीवर हक्क मिळाले आणि बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. परदेशी स्थलांतर, मजुरीचा वाढता खर्च व मासेमारीसाठी मानस अवेळी उघडण्याचे प्रकार यांमुळे गोव्यातील खाजन जमिनींची देखभाल कठीण झाली आहे.

सण व परंपरा

बोंदेरा

ऑगस्ट महिन्याच्या चौथ्या शनिवारी पियेदाद येथे बोंदेरा साजरा होतो. हे नाव ध्वज या अर्थाच्या ‘बांदेइरा’ या पोर्तुगीज शब्दावरून आले आहे. परंपरेनुसार वाड्यावाड्यांत जमिनीच्या हद्दीवरून तंटे होत. ते मिटवण्यासाठी पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी हद्दीवर ध्वज लावले. गावकऱ्यांनी ते पाडून आपला विरोध दर्शवला. आज त्याच भांडणाचे विडंबन होते. प्रत्येक वाडा आपला ध्वज घेऊन मिरवणुकीत उतरतो, चित्ररथ निघतात आणि ‘फोताश’ या बांबूच्या खेळण्यातील बंदुकीतून तिरफळे उडवून लुटुपुटीची लढाई केली जाते. मळार येथेही ऑगस्टमध्ये बोंदेरा होतो.

पोतेकार

इंत्रूज म्हणजे कार्निव्हलच्या तीन दिवसांत मुखवटे घातलेले व चित्रविचित्र वेष केलेले ‘पोतेकार’ बेटावर फिरतात. घंटांचा आवाज करीत ते मुलांना घाबरवतात व घरोघरी जातात.

तीर्थस्नान

गोकुळाष्टमीला नव्या नार्वे येथे मांडवीत स्नान करण्याची जुनी प्रथा आहे. मूळ तीर्थ बेटावर असल्याने या स्नानाचा संबंध नदीच्या दोन्ही तीरांशी जोडला जातो.

सद्यस्थिती

बेटावर गोलती-नावेली आणि सांव मातियश या दोन ग्रामपंचायती आहेत. एकोणिसाव्या शतकापासून येथील अनेक कुटुंबे मुंबई व आफ्रिकेत आणि नंतरच्या काळात आखाती देश व युरोपात स्थलांतरित झाली. परिणामी बेटावरील बरीच जुनी घरे वर्षाचा मोठा काळ बंद असतात व सणांच्या दिवसांतच उघडतात. पुलाचा प्रश्न वेळोवेळी चर्चेला येतो. रात्री-अपरात्री रुग्णाला हलवणे, शिक्षण व नोकरीसाठीची रोजची ये-जा यांसाठी पूल आवश्यक असल्याचे एक मत आहे; पूल झाल्यास जमिनींची विक्री व बांधकामे वाढून शेती आणि गावपण नष्ट होईल, असे दुसरे मत आहे.