तिकिटाच्या खिडकीतला संगणक

आपल्याकडे संगणकाचा इतिहास सांगायचा म्हटलं की सुरुवात बहुतेक वेळा टाटा मूलभूत संशोधन संस्थेपासून होते. मुंबईत या संस्थेत १९५०च्या दशकात ‘टिफ्रॅक’ हा संगणक बांधला गेला. १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू झाली. १९९१ मध्ये पुण्याच्याच सी-डॅकनं ‘परम’ हा महासंगणक तयार केला. हे सगळं खरं आहे आणि अभिमानाचंही आहे. पण माझी आणि संगणकाची पहिली भेट यातल्या कुठल्याही ठिकाणी झाली नाही. मी भिसेगावचा. कर्जत स्टेशनाला लागून असलेलं आमचं गाव, आता कर्जत नगरपरिषदेत मोडतं. आम्हाला संगणक पहिल्यांदा दिसला तो तिकिटाच्या नाहीतर बँकेच्या खिडकीच्या जाळीतून. त्याच्याबद्दल आमचं जे काही बरंवाईट मत झालं, ते रांगेत उभं राहून झालं. आज बोलायचं आहे ते या रांगेतल्या मताविषयी. त्याचा इतिहास कुणी फारसा लिहून ठेवत नाही.

आमच्या भागाला रेल्वे नवी नाही. १८५६ मध्ये रूळ घाटाच्या पायथ्याशी पोचले, १८६३ मध्ये बोरघाट ओलांडून गाडी पुण्याकडे गेली. घाट चढायचा तर मागून जास्तीची इंजिनं लागतात, ती कर्जतला जोडली जातात. त्या थांब्यावर वडा खाल्ला नाही असा प्रवासी विरळा. सांगायचा मुद्दा असा, की आमच्या कित्येक घरांनी शाळेचा दाखला पाहण्याआधी रेल्वेचं तिकीट पाहिलेलं आहे.

ते तिकीट म्हणजे जाड पुठ्ठ्याचा तुकडा. लांबी सव्वादोन इंच, रुंदी सव्वा इंचाहून किंचित कमी. ही कल्पना थॉमस एडमंडसन नावाच्या इंग्रज माणसाची. हा मूळचा फर्निचर बनवणारा कारागीर. धंद्यात दिवाळं निघालं म्हणून रेल्वेत नोकरीला लागला आणि एका लहानशा स्टेशनावर मास्तर झाला. तोवर प्रत्येक प्रवाशाला हातानं चिठ्ठी लिहून द्यावी लागे. एडमंडसननं १८३०च्या दशकाच्या अखेरीस पुठ्ठ्याची छापील, क्रमांक घातलेली तिकिटं काढली, ती ठेवायला खणांचं कपाट केलं आणि तारीख उठवणारं यंत्र केलं. इंग्रजांबरोबर ते आपल्याकडे आलं आणि दीडशे वर्षं टिकलं. मध्य रेल्वेची तिकिटं भायखळ्याच्या रेल्वे छापखान्यात छापली जात.

ज्यांनी ते कपाट पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. प्रत्येक स्टेशनाचा, प्रत्येक वर्गाचा खण वेगळा. त्यात क्रमांकानं लावलेली तिकिटं. तुम्ही ‘एक कल्याण’ म्हटलं की बुकिंग क्लार्कचा हात न बघता त्या खणाकडे जाई, खालचं तिकीट ओढी आणि यंत्राच्या फटीतून सरकवी. ठक्क असा आवाज झाला की तारीख उठली. लहान मुलाचं अर्धं तिकीट हवं असेल तर त्याच पुठ्ठ्याचा ठरलेला तुकडा कापून स्वतःकडे ठेवायचा. पाळी संपली की क्लार्क प्रत्येक खणातला क्रमांक वहीत उतरवी. सकाळचा क्रमांक आणि आताचा क्रमांक यांतला फरक म्हणजे विकलेली तिकिटं. त्याला भाड्यानं गुणलं की गल्ल्यात किती पैसे असायला हवेत ते कळलं. वीज नाही, पडदा नाही, पण हिशेब पैशापैशाचा. मला तर हे कपाट म्हणजे लाकडातला संगणकच वाटतो.

त्याची मर्यादा एवढीच, की ज्या गावाचं तिकीट छापलेलं नसेल त्याचा खणही नसे. लांबच्या आडगावाला जायचं असेल तर क्लार्क कोऱ्या कागदी तिकिटाचं पुस्तक काढी, अंतर बघे, भाडं काढी, कार्बन घालून लिही. मागची रांग तोवर कुरकुरत असे. पण त्या क्लार्कच्या डोक्यात अर्ध्या देशाची स्टेशनं आणि भाडी असत. हे लक्षात ठेवावं, कारण पुढे या ज्ञानाचं काय झालं तोच माझा विषय आहे.

संगणक आपल्याकडे आला तो भीतीची सावली घेऊन. १९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळानं संगणक आणायचं ठरवलं, तेव्हा कलकत्त्यात कर्मचाऱ्यांनी मोठं आणि दीर्घकाळ आंदोलन केलं. सरकारनं स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर. देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडणारा माणूस संगणकाचा विचार करायला बसवला गेला, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. यंत्रानं किती वेळ वाचेल, एवढाच प्रश्न तेव्हा नव्हता. माणसं किती रिकामी होतील, हाही होता. समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला.

बँकांत तर गंमतच झाली. १९८३ मध्ये कर्मचारी संघटना आणि बँका यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. पाठोपाठ १९८४ मध्ये रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला. मग शाखांमध्ये जी यंत्रं आली त्यांचं नाव होतं ‘लेजर पोस्टिंग मशीन’. खातेवहीत नोंद करणारं यंत्र. होता तो एक प्रकारचा संगणकच, पण त्या नावाला बिचकणारी माणसं बरीच होती. पासबुक घेऊन आलेल्या म्हाताऱ्या खातेदाराला तर त्याचं काहीच नव्हतं. त्याचा प्रश्न एकच: ‘हे चुकलं तर भांडायचं कुणाशी?’

रेल्वेनं सुरुवात आरक्षणापासून केली. १९८५-८६ मध्ये दिल्लीत संगणकीकृत आरक्षण सुरू झालं, मग मुंबई आणि इतर महानगरं. त्याआधी आरक्षण म्हणजे भलीमोठी रजिस्टरं. या गाडीची खिडकी ही, त्या गाडीची ती. परतीचं आरक्षण हवं असेल तर दुसऱ्या शहराला तार जायची आणि उत्तराची वाट बघायची. शहराशहरांतली ही यंत्रणा एकमेकींना पूर्ण जोडली जायला १९९९ उजाडलं. तेव्हा कुठे कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचं आरक्षण मिळू लागलं.

या आरक्षणानं लोकांचं मत फिरवलं, असं मी स्वतःच्या कानांवरून सांगतो. कर्जतहून मुंबईला रोज जाणाऱ्यांचे दोन तास जातात, परतीचे दोन. चार तासांत माणूस मत व्यक्त करणार नाही तर काय करणार? ‘पोरांच्या नोकऱ्या खाणार हे यंत्र’ म्हणणारे आमच्या डब्यातले काही गृहस्थ गणपतीच्या गाडीचं आरक्षण मिळाल्यावर म्हणू लागले, ‘काही म्हणा, कॉम्प्युटरला ओळख चालत नाही.’ वशिल्यानं गांजलेल्या देशात एखाद्या यंत्राची याहून मोठी स्तुती होऊ शकत नाही.

पुढे ती स्तुतीही पुरती खरी ठरली नाही. १९९७ मध्ये तत्काळ योजना आली, २००२ मध्ये घरबसल्या इंटरनेटवर तिकीट मिळू लागलं. सुरुवातीला ते कुरिअरनं घरी यायचं, आज ऐकून हसू येईल. आणि मग रांगेत घुसणारे दलाल संगणकात घुसले. माणसाच्या बोटांपेक्षा वेगानं अर्ज भरणारी बेकायदा सॉफ्टवेअर त्यांच्या हाती आली. २०२० मध्ये रेल्वे सुरक्षा दलानं ‘रिअल मँगो’ नावाचं असलं एक सॉफ्टवेअर पकडलं. जुलै २०२५ पासून तत्काळच्या ऑनलाइन तिकिटासाठी आधारची पडताळणी सक्तीची झाली, ती याच रोगावरचं औषध म्हणून. म्हणजे ज्या यंत्राला ओळख चालत नव्हती, ते आता आधी ओळखपत्र मागतं.

इथे थोडं विषयांतर. डब्यात मोबाइल आला तेव्हा सगळ्यात मोठी तक्रार होती खेळांची. नोकियाच्या फोनमधला तो साप आठवतो? पोरं मान खाली घालून त्याला शेपूट वाढवताना दिसली की वडीलधारी मंडळी हळहळत. हळहळणाऱ्यांच्या मांडीवर मात्र ब्रीफकेस आडवी असे आणि ब्रीफकेसवर रमीचा डाव रंगलेला असे, तोही अनेकदा पैसे लावून! पुढे तीच रमी फोनमध्ये गेली आणि डाव शेजाऱ्याऐवजी अनोळखी माणसांशी होऊ लागला. शेजारी निदान हरलेल्याला ‘आता पुरे’ म्हणत असे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तो का लागला हे डब्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागलं नसेल.

असो. साध्या, बिनआरक्षणाच्या तिकिटावर येतो. २००२ मध्ये दिल्लीच्या काही स्टेशनांवर संगणकातून साधी तिकिटं द्यायला सुरुवात झाली आणि हळूहळू ती पद्धत देशभर पसरली. पुठ्ठ्याची कपाटं निघाली. कोऱ्या तिकिटाचं पुस्तकही गेलं, कारण कुठल्याही गावाचं तिकीट आता छापूनच येऊ लागलं. हा निःसंशय फायदा होता. मुंबईच्या उपनगरी मार्गावर तर कूपनं होती. आधी पुस्तिका विकत घ्यायची आणि प्रवासाआधी स्टेशनावरच्या यंत्रात कूपन घालून ठसा उठवायचा. ठसा पुसट उठला की टीसीशी हुज्जत ठरलेली. २००७ मध्ये स्वतः तिकीट काढायची यंत्रं आली, स्मार्ट कार्ड टेकवायचं आणि पडद्यावर बोट लावायचं.

या यंत्रांची हकिकत मला सर्वांत बोलकी वाटते. ती आणली होती क्लार्कशिवाय तिकीट मिळावं म्हणून. पण पडद्यापुढे माणसं अडखळत. स्टेशन शोधायचं कसं, परतीचं बटण कुठलं, कार्ड कधी उचलायचं. मागची रांग खिडकीसारखीच कुरकुरू लागली. मग रेल्वेनं या यंत्रांजवळ मदतनीस म्हणून निवृत्त कर्मचारी उभे करायला सुरुवात केली. म्हणजे यंत्राशेजारी पुन्हा माणूस आला. तुम्ही ‘एक कल्याण’ म्हणायचं, तो पडद्याकडे धड न बघता तीन ठिकाणी बोट लावणार आणि तिकीट हातात देणार. खणाकडे जाणारा जुना हातच जणू.

संगणकाबद्दल दोन भाकितं होती. विरोधक म्हणत, काम जाईल. आणणारे म्हणत, रांग जाईल. मला वाटतं, झालं तिसरंच. काम गेलं नाही, ते खिडकीच्या आतून बाहेर आलं. स्टेशनाचं नाव शोधणं, वर्ग निवडणं, पैशांचा भरणा करणं, तिकीट नीट निघालं का ते बघणं, हे सगळं पूर्वी पगार घेऊन क्लार्क करत असे. आज ते आपण करतो, आणि येत असेल तर झटपट करतो. मीही करतो. २०१४च्या अखेरीस मुंबईत फोनवरून साधं तिकीट काढायची सोय सुरू झाली, पुढच्या वर्षी कागदाचीही गरज उरली नाही. २०२५ मध्ये ‘रेलवन’ आलं आणि रेल्वेच्या निरनिराळ्या सेवा एकाच ठिकाणी जमल्या. गाडीत चढल्यावर टीसी दिसला की तिकीट काढणारे महाभाग निघू नयेत, म्हणून कागदाशिवायच्या तिकिटासाठी स्टेशनापासून आणि रुळांपासून काही अंतरावर उभं राहावं लागतं. लिहिणाऱ्यानं नियम शहाणपणाचा केला. फक्त ज्याचं घर रुळाला लागून आहे, तो ओट्यावर बसला काय आणि फलाटावर बसला काय, त्याच्या फोनला फरक कसा कळावा? तिकीट काढण्यासाठी स्टेशनापासून लांब चालत जायचं, हा प्रकार एडमंडसनच्या स्वप्नातही आला नसेल.

मी यंत्राच्या विरोधात नाही. पाऊस कोसळत असताना खिशातून तिकीट निघतं, यासारखं सुख नाही. पण कर्जतच्या आसपासच्या कातकरी-ठाकर वाड्यांतून बायका करवंदं, रानभाज्या, सरपण घेऊन येतात. त्यांच्याकडे असलाच तर बटणांचा फोन असतो, पैसे रोख असतात आणि नोट घामानं भिजलेली असते. यंत्र आलं म्हणून खिडक्या कमी कराव्यात असं जेव्हा जेव्हा कुणी सुचवतं, तेव्हा हिशेबात या बायका धरलेल्या आहेत का, एवढंच मला विचारावंसं वाटतं. दांडेकरांच्या वेळी प्रश्न खिडकीच्या आत बसणाऱ्याचा होता. आता तो बाहेर उभ्या राहणाऱ्यांचा आहे, आणि त्यांची संघटना नसते.

गेल्या पावसाळ्यात मी फोन घरी विसरलो आणि बऱ्याच दिवसांनी खिडकीवर उभा राहिलो. पुढे टोपली घेतलेली एक बाई होती. तिनं तिकीट घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि वळून मला विचारलं, ‘दादा, ह्यावर बदलापूरच लिवलंय ना?’ मी चष्मा शोधेपर्यंत आतला क्लार्कच म्हणाला, ‘बदलापूरच आहे मावशी, एक नंबरला जा, गाडी लागलीये.’