गोगलगाय पसरते कशी? बदकाच्या पायापासून कॉम्प्युटरपर्यंत

गोगलगाय म्हटलं की आपल्याला सोयाबीनची रोपं फस्त करणारी शंखी आठवते. ती जमिनीवरची. आज लिहितोय ती गोड्या पाण्यातली, भातखाचरात राहणारी.

एवढा सावकाश चालणारा जीव एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातो कसा, हा प्रश्न चार्ल्स डार्विनलाही पडला होता. पाण्यातल्या गोगलगायींची अंडी फुटत होती त्या टाकीत त्याने बदकाचे पाय टांगून ठेवले. नुकतीच अंड्यातून निघालेली बारीक पिल्लं पायांवर चढली, ती झटकूनही पडेनात. दमट हवेत 12 ते 20 तास जगली. तेवढ्यात बदक निदान 600-700 मैल जाऊ शकतं, असा हिशेब त्याने 1859 च्या पुस्तकात मांडला. मला विचाराल तर हेही मॉडेलच, फक्त कॉम्प्युटर नव्हता.

पण भाताचं वाटोळं करणारी गोल्डन ॲपल स्नेल बदकाच्या पायावरून आशियात आली नाही. दक्षिण अमेरिकेतून 1980 च्या सुमारास माणसांनीच तिला तैवानला नेलं, खाण्यासाठी पाळायला. तिथून जपान, फिलिपिन्स. प्रथिनं मिळतील, निर्यात होईल, अशी स्वप्नं होती. चव रुचली नाही, बाजार बसला आणि टाक्यांतला माल पाटचाऱ्यांत गेला. फिलिपिन्समध्ये 1980 चं दशक संपेपर्यंत सुमारे 4 लाख हेक्टर भात तिच्या तावडीत सापडलं होतं. कोवळं रोप बुडातून कापते. पाणी आटलं की चिखलात शिरून महिनोन्महिने पडून राहते. अंड्यांचे गुलाबी घोस मात्र पाण्याच्या वर, भाताच्या काडीवर.

2009 मध्ये ती स्पेनमधल्या एब्रो नदीच्या मुखाशी असलेल्या भातशेतीत सापडली. मग युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या तज्ज्ञांनी कॉम्प्युटरला कामाला लावलं. पाण्याचं तापमान घालायचं. अंडी किती दिवसांत फुटतील, पिल्लं किती वाढतील, थंडीत किती मरतील, हे नकाशाच्या एकेका चौकोनासाठी काढायचं. आपण किडीसाठी डिग्री-डे मोजतो ना, त्याचाच थोरला भाऊ. 2013 मध्ये उत्तर आलं: स्पेन, दक्षिण फ्रान्स, बराचसा इटली, ग्रीस आणि बाल्कनमध्ये पार डॅन्यूबच्या पट्ट्यापर्यंत ती तग धरू शकते.

इथे एक गोष्ट नीट बघा. हा नकाशा ती कुठे जगेल ते सांगतो. कधी आणि कुठल्या वाटेने पोचेल ते नाही. त्यासाठी कालव्याचा प्रवाह, या शेतातून त्या शेतात जाणारी यंत्रं, त्यांच्या चाकांचा चिखल, सगळं हिशेबात घ्यावं लागतं. प्रवाह मोजता येतो हो, पण हौसेने बादलीत चार गोगलगायी नेणारा माणूस कसा मोजणार?

एब्रोत शेतं वाळवून पाहिली, काही ठिकाणी तर खाचरांत समुद्राचं पाणी सोडलं. युरोपने या गोगलगायींवर आयातबंदी घातली ती नोव्हेंबर 2012 मध्ये. तोवर एब्रोत तिला तीन वर्षं झाली होती.