वहीचे पैसे कुठून आले? घानातलं सोनं आणि शाळा

पश्चिम आफ्रिकेतला घाना 1957 साली स्वतंत्र झाला, तोवर त्याचं नावच ‘गोल्ड कोस्ट’ होतं. तिथल्या बेकायदा खाणकामाला आज ‘गॅलमसे’ म्हणतात. ‘गोळा करा आणि विका’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून हे नाव पडलं, असं सांगतात.

हे काम बेकायदा ठरलं कसं, ते आधी पाहू. नदीची रेती धुऊन सोनं काढणं तिथे इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून चालत होतं. 1897 मध्ये ओबुआसीच्या सोन्यासाठी ब्रिटिश कंपनी उभी राहिली. पुढे 1930 च्या दशकात वसाहतीच्या सरकारने पारा बाळगण्यावर निर्बंध घातले आणि पिढीजात धंदा करणारा स्थानिक माणूस गुन्हेगार ठरला. 1989 च्या कायद्याने छोट्या खाणकामाला परवान्याची वाट दिली खरी. पण परवाना खर्चाचा आणि वेळखाऊ, म्हणून पुष्कळजण बाहेरच राहिले.

मुलांसाठीही कायदे झालेच. 1961 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. 1998 च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना खाणकाम करायला बंदी घातली. मग मुलं खाणीवर का दिसतात?

आपण चटकन म्हणतो, आईबापांना शिक्षणाची किंमत नाही. पण ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेच्या 2015 च्या अहवालात उलटंच चित्र दिसतं: काही मुलं शाळेच्या खर्चासाठीच खाणीवर जातात. फी माफ झाली तरी गणवेश, वह्या, जेवण यांना पैसे लागतातच ना! आधी सुट्टीचा दिवस जातो, मग शाळेचा. खाण संध्याकाळी पैसे हातात ठेवते. शाळा दहा वर्षांनी देईन म्हणते.

बरं, नुकसान फक्त हजेरीचं नाही. सोन्याचे कण धरायला पारा मिसळतात, मग तो गोळा तापवतात. ती वाफ श्वासात जाते. पारा मज्जासंस्थेवर आघात करतो, आणि वाढत्या मेंदूला त्याचा धोका अधिक. म्हणजे ज्या स्मरणशक्तीने पाढे पाठ करायचे, तीच पणाला लावून मूल पाढ्यांचं पुस्तक विकत घेतं.

म्हणून ‘मूल शाळेत आहे का?’ एवढं विचारून भागत नाही. त्याच्या वहीचे पैसे कुठून आले, हेही विचारावं लागतं. शिक्षण खरोखर मोफत आहे की नाही, ते तिथे कळतं.