बिऱ्हाड कुठे थांबते? : वलवणच्या वस्तीचा शोध

गेल्या वर्षी ज्येष्ठात माझा भाचा बायकोला आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन वलवणला आला. नोकरी हिंजवडीला, घर वाकडला भाड्याचे. मुलीला सारखा खोकला. दोन दिवस इथे राहिल्यावर ती शांत झोपली, तसा तो म्हणाला, "मामा, इथेच फ्लॅट घेतला तर? तुम्हीही जवळ आहात. काय वाटतं तुम्हाला?"

मी लगेच उत्तर दिले नाही. मावळचे गॅझेटियर, जनगणनेची पुस्तके, जुनी वेळापत्रके असे हाती लागेल ते मी गेली पंचवीस वर्षे वाचत आलो आहे. मी कुठल्या विद्यापीठाचा माणूस नाही. नोकरी सांभाळून जमेल तेवढे केले. पण मी साठवलेल्या कागदांना एवढा रोकडा प्रश्न कधी कोणी विचारला नव्हता. एक गोष्ट आधीच कबूल करतो. त्यांनी इथे यावे असे मला मनापासून वाटत होते. आमची दोन्ही मुले आता बाहेरगावी आहेत. म्हणूनच मी माझ्या इच्छेवर विसंबायचे नाही असे ठरवले आणि प्रश्न थोडा बदलून घेतला. वलवणला आजवर संसार घेऊन कोण आले, आणि ते कशामुळे टिकले?

भिक्षूंचा पावसाळा

वलवण हे आता लोणावळा नगरपरिषदेच्या हद्दीतले गाव. एका अंगाला जुना मुंबई-पुणे रस्ता, दुसरीकडे धरणाचे पाणी, आणि जवळूनच गेलेला द्रुतगती मार्ग. इथून दहाएक किलोमीटरवर कार्ल्याची लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत या लेण्यांच्या जागेला 'वलूरक' म्हटले आहे आणि प्रदेशाला 'मामाल'. आपल्या मावळचा जुना उच्चार तो हाच. वलूरक आणि वलवण यांचे नाते जोडण्याचा मोह अनेकांना होतो. मलाही झाला होता. पण दोन नावे कानाला सारखी वाटणे हा पुरावा होत नाही, म्हणून तो मोह इथेच सोडतो.

आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. नहपानाचा जावई उषवदात याने वलूरकाच्या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी 'करजिक' नावाचे गाव दान दिले. पुढे सातवाहनांनीही भिक्षूसंघाला गाव दिल्याचा लेख तिथेच आहे. म्हणजे या डोंगरात मुक्काम करायला आलेली, लेखांतून आपल्याला ठाऊक असलेली सर्वांत जुनी मंडळी पावसाळ्यासाठी राहत होती. त्यांना बायकामुले नव्हती, गरजा मोजक्या होत्या. तरीही त्यांच्या जेवणासाठी एक अख्खे गाव लावून द्यावे लागले. नुसत्या हवेवर संन्यासीही राहिला नाही, मग गृहस्थाची काय कथा!

इंजिन जिथे थांबले

सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत, १८३० साली, बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. तेव्हा महत्त्व होते ते खंडाळ्याला, कारण घाट चढून आलेला माणूस तिथे दम घेई. लोणावळ्याचे दिवस फिरले ते रेल्वेमुळे. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, पण मधला घाट बाकी होता. १८५६ पासून सुरू असलेले घाटाचे काम २१ एप्रिल १८६३ रोजी पुरे झाले. पंचवीस बोगदे, अठराशे फुटांहून अधिक चढ, आणि काम ऐन भरात असताना चाळीस हजारांवर मजूर. या मजुरांचीही बिऱ्हाडे होती. ती घाटात झोपड्या बांधून राहिली आणि काम संपताच पांगली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल पत्नीसह इंग्लंडहून आला आणि १८५९ मध्ये, आल्यावर थोड्याच दिवसांत, वारला. त्याची पत्नी ॲलिस मागे फिरली नाही. तिने कंत्राट स्वतःकडे घेतले आणि काम तडीस नेले.

या घाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट असा आहे. एवढा चढ एका इंजिनाने निभत नाही, मागून आणखी इंजिने लावावी लागतात. कर्जतला ती जोडायची आणि माथ्यावर आल्यावर सोडायची, हा प्रकार आजही चालू आहे. आता जिथे इंजिने सुटतात तिथे ती ठेवायला जागा, दुरुस्तीला कारागीर, वाफेला पाणी आणि चालकांना घरे लागणारच. खंडाळ्याच्या कड्यावर जागा नव्हती, लोणावळ्याला होती. १८७७ मध्ये इथे नगरपालिका आली. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये लोणावळ्याची ओळख वाचली, तर थंड हवेचे वर्णन दुय्यम आहे. रेल्वेचा इंजिन कारखाना, रेल्वेची शाळा, प्रार्थनामंदिरे या गोष्टी पुढे येतात. शाळा होती, म्हणजे मुले होती. मुले होती, म्हणजे कुटुंबे होती. लोणावळा हे संसारी गाव झाले ते असे, पगाराच्या आधाराने.

भुशीचे धरणही मुळात रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेले. आज पावसाळ्यात त्याच्या पायऱ्यांवर बसणाऱ्यांना हे सांगितले तर खरे वाटत नाही.

घाटाने आणखी एक निवाडा करून ठेवला. मुंबईची लोकल कर्जत आणि खोपोलीपर्यंत येते, वर चढत नाही. घाटाच्या पायथ्याचे खोपोली मुंबईच्या उपनगरी गाडीने जोडलेले, आणि माथ्यावरचे लोणावळा १९७८ मध्ये सुरू झालेल्या लोकलने पुण्याला जोडलेले. रेल्वेने पुणे ६४ किलोमीटर, मुंबई १२८. डेक्कन क्वीन १९३० पासून धावते आहे, पण रोज मुंबई गाठणारा माणूस तिच्यासारख्या मोजक्या गाड्यांशी बांधलेला. एक गाडी चुकली की दिवस गेला. तेव्हा 'मुंबई-पुण्याच्या मधोमध' ही जाहिरातीतली ओळ नकाशावर बरोबर आहे, वेळापत्रकात नाही.

पाणी कुठे गेले

वलवणचे स्वतःचे नाव दूरवर गेले ते धरणामुळे. डेव्हिड गोस्लिंग यांनी मांडलेली जलविद्युतीची कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली होती, पण ती प्रत्यक्षात यायच्या आधीच, १९०४ मध्ये, ते गेले. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली, १९११ मध्ये लोणावळ्यात कोनशिला बसली आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईला वीज जाऊ लागली. लोणावळा, वलवण आणि शिरवटा असे तीन तलाव. पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यातून बंगालच्या उपसागराकडे जाणारे पाणी अडवायचे, कालव्याने खंडाळ्याच्या कड्यापर्यंत न्यायचे आणि नळांतून सतराशे फुटांवरून खाली कोकणात सोडायचे. ते पाणी पुढे पाताळगंगेला मिळते.

या विजेचे पहिले मोठे गिऱ्हाईक म्हणजे मुंबईच्या कापड गिरण्या. पुढे उपनगरी रेल्वेलाही टाटांची वीज मिळू लागली. १८९६ च्या प्लेगनंतर दाट वस्तीला भ्यालेल्या मुंबईने १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट नेमला. दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जागी आखीव वसाहती उभ्या राहिल्या. पुढे १९२५ आणि १९२८ मध्ये विजेच्या लोकल सुरू झाल्या आणि मध्यमवर्गीय मराठी कुटुंबे पार्ले, बोरिवलीपर्यंत सरकली. ऐसपैस हवा, जवळ शाळा, वेळेवर गाडी. उपनगर निवडण्याची आजची आपली कसोटी तेव्हाच ठरली. ते शक्य करणाऱ्या विजेत सह्याद्रीच्या या माथ्यावरचे पाणी होते, हे मला फार उशिरा उमगले. वलवणचे पाणी दुसऱ्यांची उपनगरे वसवायला गेले.

इथे मात्र पाण्याने जमीन घेतली. दहा वर्षांनी शेजारच्या मुळशी खोऱ्यात टाटांचेच धरण होऊ लागले, तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. शेतकऱ्यांचा लढा हरला, पण त्यांची गावे आणि त्यांची बाजू इतिहासात राहिली. वलवणच्या वाट्याला तसा लढा आला नाही. इथे धरण म्हटले की बाग आणि फुलझाडे आठवतात, पाण्याखालची शेते कोणी आठवत नाही. ज्यांना घर निवडायचा पर्याय मिळाला त्यांच्याविषयी लिहिताना, ज्यांना तो मिळाला नाही त्यांचीही नोंद ठेवायला हवी.

धरणानेही संसार आणले. बांधकाम संपल्यावर देखभालीची कायम माणसे राहिली, त्यांच्यासाठी वसाहत झाली. १९४५ मध्ये नौदलाचे 'शिवाजी' हे तांत्रिक प्रशिक्षण केंद्र आले, तेव्हाही तसेच झाले.

हवेसाठी आलेले

हवेसाठी आलेल्यांचा प्रवाह याला समांतर चालला. मुंबईच्या पारशी, गुजराती धनिकांनी बंगले बांधले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये इथे कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. आरोग्यासाठी इथे येण्याला त्यांनी मोठा अर्थ दिला. पण बंगल्यात कायम राहिला तो माळी आणि त्याचे कुटुंब. मालक उन्हाळ्यात आणि दिवाळीत येत. उपचारासाठी आलेला माणूसही बरा झाल्यावर परतण्यासाठीच आलेला असे.

गोनीदांच्या 'माचीवरला बुधा'तला म्हातारा मुंबईतली चाकरी सोडून राजमाचीवर येतो आणि रानात एकटा राहतो. कितीतरी वाचकांना ते पुस्तक वाचून लोणावळ्याची वाट धरावीशी वाटली असेल. पण बुधा एकटा होता, आणि मुलांना शाळेत घालण्याचे त्याचे वय उलटून गेले होते. हा बुधा लिहिणारे गोनीदा स्वतः संसार थाटून राहिले ते तळेगाव दाभाड्यात. विजापूरकरांचे समर्थ विद्यालय, पैसा फंडाचा काच कारखाना यांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच शाळा आणि उद्योग यांची सांगड घालू पाहणारे ते गाव.

द्रुतगती मार्गाचे दशक

२००२ पर्यंत द्रुतगती मार्ग पुरा झाला. वलवणला त्यावरून उतरण्याची वाट मिळाली आणि इमारती उभ्या राहू लागल्या. जुने बंगले पाडून सदनिका झाल्या. गाव वाढते आहे असे आम्हा सगळ्यांना वाटत होते. मग मी जनगणना उघडली. लोणावळ्याची लोकसंख्या २००१ मध्ये ५५ हजारांच्या वर, २०११ मध्ये ५७ हजारांच्या वर. दहा वर्षांत जेमतेम दोन हजारांची भर. त्याच दहा वर्षांत तळेगाव ४२ हजारांवरून ५६ हजारांवर गेले आणि पिंपरी-चिंचवड दहा लाखांवरून सतरा लाखांवर.

हे आकडे मी तीन वेळा ताडून पाहिले. रस्ता तोच, हवा लोणावळ्याची अधिक चांगली. फरक एवढाच, की तळेगावला चाकणची आणि औद्योगिक वसाहतींची कामे जवळ आली, तर लोणावळ्याला शनिवार-रविवार जवळ आला. घरे बांधली गेली, बिऱ्हाडे आली नाहीत. आमच्या समोरच्या इमारतीत मंगळवारी रात्री तीन-चार खिडक्यांत दिवा असतो. रिकाम्या घरांमुळे जमिनीचे भाव मात्र चढले, आणि इथे काम करणाऱ्यालाच इथे घर परवडेनासे झाले.

उत्तर

भाच्याला मी हे सगळे ऐकवले नाही. चार गोष्टी सांगितल्या. उन्हाळ्यातले दोन दिवस पाहून घर ठरवू नकोस. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी धरते, आणि खोकणाऱ्या मुलाला ती ओल बाधते का, हे आधी डॉक्टरांना विचार. रोज कामाला जायची वेळ पुन्हा आली तर कसा जाशील, ते गाडीच्या वेळेसह लिहून काढ. शाळा आहेत, पुरंदरे महाविद्यालयही आहे, पण मुलीला हवे ते शिक्षण बारावीपुढे इथे मिळेल का, पाहा. आणि इमारतीत मंगळवारी रात्री जाऊन दिवे मोज.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग मामा, तुम्ही कसे राहिलात इतकी वर्षं?"

आम्ही १९९४ मध्ये आलो, तेव्हा हवेचा विचार केलाच नव्हता. एका खासगी कारखान्याच्या भांडारात मला नोकरी लागली होती. भाड्याच्या दोन खोल्या, सायकलीने दहा मिनिटांवर काम, मुलांची शाळा चालत जाण्यासारखी. इंजिनामागे आलेल्या फिटरचे जे झाले, तेच माझे. हे मी त्याला सांगितले, आणि सांगताना प्रथमच माझ्याही ध्यानात आले.

यंदा पाडव्याला त्यांनी तळेगावात घर घेतले. माझी पत्नी दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. "विचारलं म्हणून एवढं खरं सांगायला हवं होतं का?" एवढेच म्हणाली. लोकलने ती मंडळी पाऊण तासाच्या आत येतात. बहुतेक रविवारी येतातच. गेल्या खेपेला पोरगी खिडकीत बसून समोरच्या इमारतीकडे पाहत होती. तिने विचारले, "आजोबा, तिथे कोण राहतं?"

"शनिवारी येतात ते," मी म्हणालो.