मुंगीची वाट

प्रकाशा येथे संगमावर एकदा तरी पहाटेस जाऊन बसावे. सातपुड्यातून उतरलेली गोमाई येथे तापीला मिळते आणि दोघी मिळून संथपणे सुरतेच्या वाटेला लागतात. या गावाला खानदेशात दक्षिण काशी म्हणतात. काशीयात्रा करून आलेल्या माणसानेही प्रकाश्याला आल्यावाचून त्याची यात्रा पुरी होत नाही, अशी इकडची समजूत आहे. दर बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत शिरला म्हणजे गौतमेश्वराच्या देवळाशी मोठी यात्रा भरते. मग माणसांना पाय ठेवायला जागा उरत नाही.

परंतु मला कुतूहल वाटत आले आहे ते यात्रेकरूंचे नव्हे. दोन यात्रांच्या मधल्या बारा वर्षांत, कोणी पाहत नसता, रोज पहाटे घाटाच्या पायरीवर डोळे मिटून बसणारा एखादा माणूस असतो, त्याचे. थंडीत अंगाला कापरे भरते, पावसाळ्यात पायरीच पाण्याखाली जाते, तेव्हा तो देवळाच्या ओसरीवर बसतो. त्याला रोज काही दिसते काय? आनंदाच्या लहरी येतात काय? विचारले तर बहुधा तो हसून म्हणेल, “कसले हो, मास्तर! निम्मा वेळ डुलकी आणि निम्मा वेळ घरची चिंता!” आणि तरीही दुसऱ्या दिवशी तो तेथे असतोच. प्रस्तुत लेखकाने हा नेम आजवर तीनदा धरला आणि तीनदा सोडला आहे. म्हणून प्रश्न पडतो की, रस आटल्यावरही माणसे साधनेला चिकटून राहिली ती कशाच्या बळावर? इतिहासात याचे काही उत्तर सापडते का, ते पाहू.

प्रश्न फार जुना आहे. कुरुक्षेत्रावर अर्जुनानेच तो केला. मन चंचल आहे, वाऱ्याची मोट बांधावी तसे त्याला आवरणे अवघड, ही त्याची तक्रार. श्रीकृष्णाने ती खोटी ठरवली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अवघड खरेच, पण अभ्यासाने आणि वैराग्याने साधते, एवढेच तो म्हणाला. पतंजलीनेही हीच दोन साधने सांगितली आणि अभ्यासाला तीन अटी घातल्या : तो दीर्घकाळ हवा, अखंड हवा आणि आदरपूर्वक हवा. पुढे त्याने चित्ताचे नऊ विक्षेप मोजले आहेत. त्यांत आळस आहे, संशय आहे, स्त्यान म्हणजे मनाचे जडत्व आहे. कितीही खटपट केली तरी पायरी न गाठणे आहे आणि गाठलेली पायरी हातची निसटणेही आहे. म्हणजे आपल्याला जो स्वतःचा खास करंटेपणा वाटतो, त्याची नोंद शास्त्रकाराने केव्हाच करून ठेवली आहे! वाटेवर खड्डे आहेत म्हणून वाट चुकली असे होत नाही.

गीतेच्या या सहाव्या अध्यायावर एक प्रवचन आमच्याच मुलखात झाले. प्रकाशा त्या काळी पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते आणि जिल्ह्याचे ठिकाण होते धुळे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे राजबंदी होते. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी एक अध्याय, अशी अठरा प्रवचने त्यांनी बरोबरच्या कैद्यांपुढे केली. ती लिहून घेतली साने गुरुजींनी, म्हणून आज ती आपल्या हाती आहेत. सहाव्या रविवारी, 27 मार्चला, ध्यानाचा विषय निघाला. विनोबांनी तेथे आसनापेक्षा जगण्याकडे अधिक लक्ष वेधले. दिवसभर मन वाटेल तिकडे उधळू द्यायचे आणि घटकाभर बसल्यावर ते गप्प राहावे अशी अपेक्षा करायची, हे जमणार कसे? खाणे, झोपणे, बोलणे, पाहणे यांत माप हवे. जगाकडे पाहण्याची दृष्टी मंगल हवी. आणि अभ्यास-वैराग्याच्या जोडीला श्रद्धा हवी. तुरुंगातील दिवस म्हणजे एकसुरीपणाचा कळस. तीच घंटा, तीच भाकरी, तीच भिंत. अशा जागी चाललेली ही शिकवण कोरडी ठरली नाही, याचे एक कारण मला असे वाटते की, सांगणारा आणि ऐकणारे दोघेही तोच कोरडेपणा रोज भोगत होते.

आता तुकोबांकडे वळू. तुकोबा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ते विमान आणि वैकुंठ. परंतु त्याआधीची वर्षे? 1630 च्या सुमाराच्या दुष्काळाने घर बसले, व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. मग भंडाऱ्याच्या डोंगरावरचा एकांत आणि नामस्मरण. पण देव लगेच भेटला नाही. त्यांच्या कितीतरी अभंगांत केवळ वाट पाहणे आहे. देवाशी भांडण आहे. आपले बोलणे पोकळ तर नाही ना, ही धास्ती आहे. गुरुदेव रा. द. रानडे यांनी 1933 साली प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्रातील संतांवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या अभंगांचा स्वतंत्र विचार केला आणि या अवस्थेला आत्म्याची अंधारी रात्र म्हटले. अभंगांवर तारखा नसतात, तेव्हा आधीचा कोणता आणि नंतरचा कोणता हे अनुमानच म्हणायचे. पण काळोख होता, एवढे तुकोबांच्या शब्दांवरूनच निर्विवाद ठरते.

अंधाऱ्या रात्रीची ही कल्पना रानड्यांनी घेतली ती स्पेनमधील संत योहान याच्याकडून. हा सोळाव्या शतकातला साधू. 1577 च्या डिसेंबरात त्याच्या स्वतःच्याच पंथबंधूंनी त्याला धरून तोलेदो शहरी एका अंधाऱ्या खोलीत कोंडले. सुमारे नऊ महिन्यांनी तो तेथून निसटला. त्याने पुढे साधकांसाठी एक मोठी उपयोगी कसोटी लिहून ठेवली. साधनेतला रस गेला, हे ढिलाईने की प्रगतीने, हे ओळखायचे कसे? रस साधनेतून गेला आणि बाजारात वाढला, तर ती ढिलाई समजावी. पण दोहोंकडचा गेला, मन पूर्वीसारखे चिंतन करीनासे झाले आणि आपण मागे पडलो याची खंत मात्र लागून राहिली, तर घाबरू नये. ती वाटेवरचीच रात्र आहे. शिवाय कधी कधी हा कोरडेपणा शरीरातील विकारानेही येतो, हे त्याने बजावले. पतंजलीच्या यादीतही पहिले नाव व्याधीचेच आहे. तेव्हा झोप उडाली, अन्न गोड लागेना, जीव नकोसा झाला, तर त्याला साधनेची रात्र म्हणून कवटाळीत बसू नये, वैद्याकडे जावे.

स्वतः रानड्यांनी नाम घेतले ते 1901 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून. उमदी हे सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातले, मराठी-कानडीच्या सीमेवरचे गाव. भाऊसाहेबांची शिस्त कडक होती. रोज नेमाला बसायचे, तासन् तास बसायचे, अनुभव येवो वा न येवो. या परंपरेत साधनेच्या या रीतीला पिपीलिका-मार्ग, म्हणजे मुंगीची वाट म्हणतात. मुंगी फळापर्यंत पोचते, पण एकेक पाऊल टाकीत. भाऊसाहेब 1914 साली वारले. त्यांचेच शिष्य सिद्धरामेश्वर महाराज यांनी पुढे विहंगम-मार्ग शिकवला. विचाराच्या बळावर पक्ष्याप्रमाणे थेट फळावर झेप घ्यावी, असा त्यांचा रोख. दोन्ही वाटांनी गेलेली थोर माणसे झाली. त्यांच्यात डावे-उजवे करण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु सिद्धरामेश्वरांनीही आधी नेमाची वर्षे काढली होती, हे विसरू नये. पंख फुटेपर्यंत पाखरालाही घरट्यात बसावेच लागते.

अलीकडच्या काळातले उदाहरण इगतपुरीचे. ब्रह्मदेशातील मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोएंका डोकेदुखीच्या असाध्य विकाराने गांजून 1955 साली रंगूनच्या ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले, 1969 साली भारतात आले, आणि 1976 पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे भरू लागली. दहा दिवस मौन पाळून माणूस घरी येतो, आणि खरी परीक्षा तेथून सुरू होते. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बसायचे. गोएंकाजींचे सांगणे असे की, आज सुखद वाटले की जड वाटले, यावरून प्रगती मोजू नका. जे आले त्यापुढे मन किती समतोल राहिले, तेवढेच पाहा. कंटाळ्याचा दिवस या हिशेबात वाया जातच नाही. तोही अभ्यासाचाच दिवस ठरतो.

हे सारे वाचून मी पुन्हा संगमाकडे येतो. 1955 सालीच प्रकाश्याच्या पांढरीत पुरातत्त्व खात्याने बी. के. थापर यांच्या देखरेखीखाली उत्खनन केले. ताम्रपाषाण काळापासून अकराव्या शतकापर्यंतच्या वस्तीचे थर एकावर एक निघाले. त्यांतली एक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. सर्वांत खालची वस्ती उठून गेल्यावर ही जागा कित्येक शतके ओस होती. मग लोखंड वापरणारी माणसे आली आणि त्यांनी त्याच टेकाडावर पुन्हा चुली मांडल्या. मधला खंड मोठा होता, तरी खालचा थर नाहीसा झालेला नव्हता; नव्या घरांना तोच पाया झाला.

अखंड अभ्यासाची अट पतंजलीने घातली आहे खरी, आणि ती मोडणाऱ्यांत मी आहे. पण मोडलेला नेम पुन्हा धरणाऱ्याला अगदी शून्यापासून निघावे लागत नाही, असा धीर मला त्या पांढरीने दिला. थोडाच वेळ, पण ठरलेला, एकच जागा, काय मिळाले याचा रोजचा जमाखर्च नाही, आणि चुकला तो दिवस सोडून दुसऱ्या पहाटे निमूटपणे पुन्हा बसणे. एवढ्यावर चौथ्यांदा सुरुवात केली आहे. तिला दिवाळीच्या पाडव्याला वर्ष होईल. डुलकी अजून येते. घरची चिंताही येते. पायरीवरचा तो मनुष्य मला पाहून थोडा सरकतो आणि जागा करून देतो.